गॅस गिझर मध्येच विझतो, तेव्हा तो काय सांगतो?

कोल्हापूर / प्रतिनिधी

दिवाळीच्या अभ्यंगस्नानापासून शिमग्यापर्यंत, आणि त्यानंतर पुन्हा आषाढ-श्रावणातील संततधारेत सौर बंब निरुपयोगी ठरतात तेव्हा, शहरातील घराघरांत गॅस गिझरची आठवण होते. त्याबरोबरच तक्रारीही सुरू होतात. गिझर पेटतच नाही, पेटताना मोठा आवाज होतो, ज्योत पिवळी दिसते, पाणी पुरेसे तापत नाही, आणि सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे तो अंघोळ चालू असताना मध्येच विझतो. यांतील काही दोष दोन बॅटऱ्या बदलल्याने दूर होतात. काहींकडे मात्र दुरुस्तीचा विषय म्हणून पाहणेच चुकीचे आहे, कारण तेथे बिघाड यंत्रात नसून यंत्र बसविलेल्या खोलीत असतो. या दोहोंतील फरक ओळखता न आल्यामुळे दरवर्षी न्हाणीघरांत माणसे दगावतात. मार्च २०२३ मध्ये धुळवडीच्या दिवसानंतर मुंबईतील घाटकोपर येथे एक दांपत्य आपल्या घरातील न्हाणीघरात मृतावस्थेत आढळले, तेव्हाही गॅस गिझरमधून निर्माण झालेल्या वायूचाच संशय प्रथम व्यक्त झाला होता.

चार मिनिटांचे गणित

थंड देशांत तळघरातील गॅसची भट्टी सारे घर उबदार ठेवते. आपल्याकडे तिची गरज नाही. पण तिचे आणि आपल्या गिझरचे तत्त्व एकच आहे. गॅस जाळायचा, त्याची उष्णता तांब्याच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्याला द्यायची आणि जळालेली हवा बाहेर सोडायची. फरक इतकाच की तिकडे ही हवा धुराड्यातून घराबाहेर नेली जाते, तर आपल्याकडे ती अनेकदा अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यावरच सोडली जाते.

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा घरगुती गिझर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवीत असेल, तर त्यासाठी त्याला मिनिटाला सुमारे १६ ग्रॅम गॅस लागतो. दहा मिनिटांच्या अंघोळीला १६० ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये अशा ८५ ते ९० अंघोळी. हा हिशेब बहुतेक गृहिणींना तोंडपाठ असतो. दुसरा हिशेब मात्र क्वचितच केला जातो. एक किलो गॅस पूर्ण जळण्यासाठी सुमारे १३ घनमीटर हवा लागते. त्यानुसार हा गिझर मिनिटाला दोनशे लिटरहून अधिक हवा वापरतो. चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवाच मुळी साडेपाच घनमीटरच्या आत असते. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर चार मिनिटांत तेथील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या खाली येऊ शकते. प्रत्यक्षात दाराखालच्या फटीतून थोडीफार हवा येत राहते, म्हणून रोज दुर्घटना घडत नाही, एवढेच. एकामागून एक तिघांनी अंघोळी उरकल्या, तर शेवटच्याच्या वाट्याला पहिल्या दोघांची उरलेली हवा येते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

प्राणवायू कमी पडू लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. सिलिंडरमधील गॅसला गळती समजावी म्हणून मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. ज्वलनात ते जळून जाते. त्यामुळे 'वास आला नाही, म्हणजे गॅसचा प्रश्न नाही' हा समज येथे घातक ठरतो.

कोल्हापुरातील जुन्या घरांत पाणी तापविण्यासाठी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत जळण, खाली राख पडायची जाळी, बाजूने थंड पाणी ओतायचे तोंड आणि पुढे तोटी. तो धूर ओकत असल्याने त्याची जागा परसात, पडवीत किंवा निदान उघड्या मोरीच्या कडेला असे. बंब आत आणून दार लावून घेण्याचा विचार कोणाच्या मनात आला नसता, कारण डोळ्यांतून पाणी आले असते. गॅस गिझरला धूर दिसत नाही, म्हणून तो न्हाणीघराच्या आत आला. सोय झाली, पण धुरामुळे आपोआप पाळला जाणारा नियम सुटला.

पेटतच नसेल तर

आता तक्रारींकडे वळू. तोटी उघडल्यावर गिझर पेटत नसेल, तर बहुतेक वेळा कारण किरकोळ असते. गिझरमध्ये ठिणगीसाठी दीड व्होल्टच्या दोन मोठ्या बॅटऱ्या असतात. टिकटिक आवाज येत नसेल किंवा अगदी मंद येत असेल, तर दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी बदलाव्यात. एक जुनी, एक नवी असे करू नये. न्हाणीघरातील दमटपणामुळे बॅटरीच्या कप्प्यातील पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. तो कोरड्या कापडाने किंवा बारीक पॉलिश पेपरने काढला, तरी अनेकदा काम भागते.

टिकटिकच होत नाही आणि बॅटऱ्याही नव्या आहेत, असे असेल तर पाण्याचा दाब तपासावा. गिझरमध्ये रबराचा एक पातळ पडदा असतो. वाहत्या पाण्याच्या दाबाने तो सरकतो आणि त्यामुळे गॅस व ठिणगी सुरू होते. दाब कमी असेल तर पडदा हलत नाही. सर्वसाधारणपणे गच्चीवरील टाकीचा तळ गिझरपेक्षा अडीच ते तीन मीटर उंच असावा लागतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या सदनिकेत गिझर पेटत नाही आणि खालच्या मजल्यावर तोच गिझर उत्तम चालतो, असा प्रकार घडतो; दोष कंपनीचा नसतो. टाकी उंचावर असूनही धार बारीक येत असेल, तर पाणी आत येते त्या जोडणीतील जाळी काढून धुवावी. पावसाळ्यात गढूळ पाणी आल्यानंतर आणि टाकी साफ केल्यानंतर या जाळीत गाळ हमखास अडकतो.

टिकटिक होते पण ज्योत येत नाही, याचा अर्थ गॅस पोहोचत नाही. रेग्युलेटर नीट बसला आहे का, नळी कोठे दुमडली आहे का, सिलिंडर संपत आला आहे का, हे पाहावे. एकाच सिलिंडरवर जोड देऊन शेगडी आणि गिझर दोन्ही चालविणाऱ्या घरांत शेगडीचे दोन्ही बर्नर चालू असताना गिझर कुरकुर करतो. अशी जोडणी परस्पर करून घेणे मुळातच सुरक्षित नाही. ज्यांच्याकडे नळाने नैसर्गिक गॅस येतो, त्यांनी सिलिंडरवर चालणारा गिझर तसाच त्या नळाला जोडू नये. दोन्ही गॅसचा दाब आणि उष्णता भिन्न असल्याने गिझरच्या आतील गॅस सोडणारी छिद्रे बदलावी लागतात आणि ते काम त्या कंपनीच्या तंत्रज्ञाचे आहे.

पेटताना 'भप्प' आणि पिवळी ज्योत

तोटी उघडल्यावर क्षणभर काहीच होत नाही आणि मग मोठा आवाज होऊन ज्योत पेटते, हा दोष पुष्कळ घरांत सवयीचा झालेला असतो. ठिणगी उशिरा पडल्यामुळे तोपर्यंत साठलेला गॅस एकदम पेटतो, असा त्याचा अर्थ. कधी बॅटरी उतरलेली असते, कधी ठिणगी पाडणारी सळई हललेली किंवा काजळलेली असते. बॅटरी बदलूनही आवाज थांबला नाही, तर गिझर वापरणे बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. झाकण उघडून सळई वाकविण्याचा घरगुती प्रयोग करू नये.

ज्योतीचा रंग मात्र प्रत्येकाने पाहावा. गिझरच्या समोर एक लहानशी काच किंवा छिद्र असते, ते त्यासाठीच. निळी, स्थिर ज्योत म्हणजे गॅस नीट जळतो आहे. पिवळी, लांबट, लपलपणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे. उन्हाळाभर बंद राहिलेल्या गिझरच्या बर्नरमध्ये धूळ साचते, कोळी जाळे विणतात आणि हवा आत येण्याचे मार्ग बुजतात. ज्योत पिवळी झाली की वरच्या तांब्याच्या पात्यांवर काजळी धरते, काजळीमुळे जळालेली हवा वर निघून जाण्यास अडते, आणि मग ज्योत आणखी पिवळी होते. गिझरच्या वरच्या झरोक्याभोवती भिंत किंवा छत काळवंडलेले दिसले, तर ते रंग देऊन झाकू नये. त्या काळ्या डागाइतका स्पष्ट पुरावा दुसरा मिळणार नाही. बर्नर आणि पाती उघडून साफ करणे हे वर्षातून एकदा करावयाचे काम आहे. ते दिवाळीपूर्वी झालेले बरे.

मध्येच विझणे

सर्वाधिक तक्रार येते ती याची, आणि सर्वाधिक चुकीची उत्तरेही याच तक्रारीवर दिली जातात. गिझर मध्येच विझण्याची कारणे अनेक आहेत. घरात दुसरी तोटी उघडल्याने पाण्याचा दाब कमी होतो. बॅटरी उतरत आलेली असते. पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास उष्णता ओळखणारे बटण गॅस तोडते. अनेक गिझरांत सुमारे वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची व्यवस्था असते. ती बिघाड नसून एकाच वेळी फार काळ गिझर चालू राहू नये यासाठी केलेली योजना आहे. ज्योतीजवळ आणखी एक सळई असते. ज्योत आहे तोवर तिच्यातून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो आणि तो थांबताच गॅस बंद होतो. ज्योत डळमळली की हीच सळई गिझर बंद करते.

आणि ज्योत डळमळण्याचे एक कारण खोलीतील प्राणवायू संपत येणे हे आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. दार-खिडकी बंद असताना गिझर आठ-दहा मिनिटांनी विझतो, आणि दार उघडे ठेवून पाहिल्यास तोच गिझर व्यवस्थित चालतो, असे आढळले तर दोष बॅटरीत नाही, सळईत नाही. दोष हवेत आहे. अशा वेळी विझलेला गिझर तोटी बंद-चालू करून पुन्हा पेटविणे हे सर्वांत धोक्याचे कृत्य होय. यंत्राने ज्या हवेत जळण्यास नकार दिला, त्याच हवेत माणूस श्वास घेत उभा असतो. हा प्रयोग करावयाचा झाल्यास न्हाणीघरात कोणी नसताना, बाहेर उभे राहून करावा.

येथे एका प्रचलित 'दुरुस्ती'विषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. गिझर वारंवार बंद पडतो अशी तक्रार केल्यावर काही कारागीर उष्णतेचे बटण किंवा वेळेचे नियंत्रण वायर जोडून निकामी करून देतात. शंभर-दोनशे रुपयांत काम होते, गिझर पुन्हा कधी विझत नाही आणि ग्राहक संतुष्ट होतो. वस्तुतः घरातील एकमेव पहारेकऱ्याला त्याने पैसे देऊन घालविलेले असते. 'बायपास करून देतो' असे शब्द कानी पडताच काम थांबवावे आणि मूळ भाग बसविण्याचा आग्रह धरावा. यापूर्वी असे काम झाले असल्याची शंका असेल, तर गिझर उघडून ते तपासून घ्यावे.

याच्या उलट दोष म्हणजे तोटी बंद केल्यावरही ज्योत चालूच राहणे. आतील रबरी पडद्याला जोडलेली दांडी अडकली, की हे होते. पाणी थांबलेले आणि आग चालू, अशा स्थितीत तांब्याच्या नळीतील पाण्याची वाफ होते. तत्काळ सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करावा, पाण्याची तोटी उघडावी आणि दुरुस्तीशिवाय गिझर पुन्हा वापरू नये. पाणी कमी तापणे हा त्या मानाने निरुपद्रवी दोष आहे. विंधन विहिरीचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत नळीच्या आत क्षार साचतात आणि ते तंत्रज्ञाकडून काढून घ्यावे लागतात.

शरीर काय सांगते

कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. रक्त वाहत राहते, पण प्राणवायू वाहून नेत नाही. हवेत त्याचे प्रमाण ०.१६ टक्के झाले तर वीस मिनिटांत डोकेदुखी, चक्कर आणि मळमळ सुरू होते, ते १.२८ टक्के झाले तर एक ते तीन मिनिटांत मृत्यू येऊ शकतो. पायांतील बळ प्रथम जाते. त्यामुळे धोका जाणवूनही माणसाला कडीपर्यंत पोहोचता येत नाही. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत गर्भाला आईपेक्षाही अधिक अपाय संभवतो.

ही लक्षणे फसवी आहेत. 'गरम पाण्याने चक्कर आली', 'पित्त झाले', 'उपाशीपोटी अंघोळ केली' अशी त्यांची घरगुती स्पष्टीकरणे तयार असतात. न्हाणीघरात बेशुद्ध पडणे किंवा झटके येणे याला अपस्मार समजून औषधे सुरू केली गेल्याची उदाहरणे भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत २०००च्या दशकापासून नोंदली गेली आहेत. त्याला 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नावही मिळाले आहे. घरातील एकापेक्षा अधिक माणसांना अंघोळीनंतर डोके दुखते आणि बाहेर मोकळ्या हवेत आल्यावर बरे वाटते, एवढे लक्षात आले तरी निदान निम्मे झाले.

कोरोनाकाळात घराघरांत आलेले बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर येथे उपयोगी पडत नाही. ते प्राणवायू आणि कार्बन मोनॉक्साइड यांनी भरलेल्या रक्तात फरक करू शकत नाही आणि रुग्ण अत्यवस्थ असतानाही ९८ टक्के दाखवू शकते. रक्ताची स्वतंत्र तपासणी करावी लागते. म्हणूनच रुग्णाला नेताना 'गॅस गिझर चालू होता' हे वाक्य डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे.

कोणी आत कोसळल्याची शंका आली तर बाहेरून सिलिंडर बंद करावा, दार उघडावे किंवा तोडावे, स्वतःचा श्वास रोखून व्यक्तीला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उपचार म्हणजे शुद्ध प्राणवायू. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास चार ते पाच तास लागतात, तर मास्कमधून दिलेल्या शुद्ध प्राणवायूने हाच काळ सुमारे तास-दीड तासावर येतो. शुद्धीवर आलेल्या रुग्णाने 'आता बरे आहे' म्हणून घरी राहू नये. विसराळूपणा, चालण्यातील अस्थिरता यांसारखे परिणाम काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही उद्भवू शकतात.

गिझर कोठे असावा

उत्तर एका शब्दाचे आहे: बाहेर. गिझर उघड्या सज्जात, ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवर पावसापासून आडोसा करून बसवावा आणि आत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. नळी चार-सहा फूट लांबल्याने पहिले लिटरभर पाणी थंड येते, एवढाच तोटा. सिलिंडर तर न्हाणीघरात कोणत्याही परिस्थितीत असू नये.

राजारामपुरी, ताराबाई पार्क किंवा उपनगरांतील नव्या इमारतींत हे सहज शक्य आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ येथील जुन्या घरांत अडचण आहे. तेथे जिन्याखाली किंवा दोन भिंतींच्या बेचक्यात नंतर काढलेली न्हाणीघरे असतात, त्यांना बाहेरची भिंतच नसते. अशा ठिकाणी गॅस गिझर बसवू नये, हेच या प्रतिनिधीचे मत आहे. विजेचा गिझर महाग पडतो हे खरे. पण ज्या खोलीला खिडकी काढता येत नाही, त्या खोलीत ज्योतीला जागा नाही.

खिडकी असली तरी थंडीत आणि झडीच्या पावसात ती बंदच राहते. म्हणून बंद न होणारे झरोके हवेत, एक खाली आणि एक वर छताजवळ. एक्झॉस्ट पंखा लावला की काम झाले, असाही समज आहे. हवा आत येण्याचा मार्ग नसेल तर पंखा नुसताच गरगरतो. आणि गिझरला बाहेर जाणारे धुराडे जोडलेले असेल, तर पंख्याच्या ओढीने तेथील दूषित हवा उलटी आत येऊ शकते. धुराडे इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये सोडले असल्यास ती हवा वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या खिडकीतून त्याच्या घरात जाते, याचाही विचार व्हावा.

बादलीत पाणी काढून गिझर बंद करावा आणि मगच दार लावून अंघोळ करावी, हा जुना मार्ग आजही सर्वांत स्वस्त आहे. शॉवरची सवय झालेल्यांना तो रुचत नाही. मुलांना आणि वृद्धांना तरी आतून कडी लावू देऊ नये; बाहेरून उघडता येणारे कुलूप बसवावे.

इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात गॅसचे असे स्थिर उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र बसविणे घरमालकावर बंधनकारक झाले. फक्त स्वयंपाकाच्या शेगडीला त्यातून सूट आहे. आपल्याकडे अशी सक्ती नाही, पण बॅटरीवर चालणारी ही यंत्रे विकत मिळतात. खरेदी करताना एक दक्षता घ्यावी. 'गॅस डिटेक्टर' म्हणून स्वयंपाकघरासाठी विकले जाणारे यंत्र सिलिंडरच्या गॅसची गळती ओळखते. तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने ते जमिनीजवळ लावतात. कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही. वेष्टनावर कोणता वायू ओळखला जातो ते वाचूनच पैसे द्यावेत.

गळतीच्या बाबतीत नियम परिचित आहेत, तरी गिझरच्या जोडणीकडे दुर्लक्ष होते, कारण ती डोळ्यांसमोर नसते. नारिंगी रंगाची सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. नळीवर तारीख छापलेली असते. जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे, काडी पेटवून कधीही पाहू नये. वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. ही मदतवाहिनी २०१६ पासून सर्व कंपन्यांच्या ग्राहकांसाठी चोवीस तास सुरू आहे.